हलका बोर्ड म्हणजे कच्चा बोर्ड असं नाही हो
लेखात हलका जिप्सम बोर्ड (जिप्सम या खनिजाचा, सीलिंग-पार्टिशनला लावतात तो तक्ता) कच्चा असतो म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात सीलिंग-पार्टिशनची कामं करतो, बोर्ड हलका होतो तो फेसामुळे, म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवतात मग त्या पावडरीत परत पाणी, फेस आणि काचेचे बारीक तंतू घालून दोन कागदांच्या मधे पसरतात, आत बुडबुडे राहतात. आगीत कागद जळाला तरी तंतू गाभा धरून ठेवतात, आणि परत घट्ट झालेल्या जिप्सममधे वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी बांधलेलं असतं, ते वाफ होऊन जाईपर्यंत मागची बाजू फार तापत नाही. आपल्याकडे चादरी-टॉवेलच्या कारखान्यात सुताचे ढीग आणि शेजारी प्लायवूडचं पार्टिशन, बघून जीव घाबरतो. बाथरूमला मात्र साधा बोर्ड नको, ओल धरतो.