खिडकीसमोरच्या भिंतीवरचं कॉमिक

संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

दुपारी भाच्याच्या नव्या घरी गेले होते, ठाण्यातच, घोडबंदर रोडला. हॉलच्या भिंतीवर 1980 च्या दशकातला स्पायडरमॅनचा अंक. अमेरिकेतून ग्रेड होऊन, म्हणजे अंकाची अवस्था तपासून गुण मिळून आलेला, कडक प्लास्टिकच्या बंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, वर 9.4 चं लेबल. आणि बरोब्बर समोर येऊरच्या डोंगराकडे उघडणारी भिंतभर खिडकी. चार वाजलेले, ऊन थेट मुखपृष्ठावर. म्हटलं, "अरे, काढ ते तिथून." तर म्हणतो, "मावशी, सीलबंद आहे. काही होत नाही."

काही होत नाही! नौपाड्याच्या घरात माझे वडील, अण्णाही हेच म्हणायचे. 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली. अण्णांनी नोकरी लागल्यावर मराठीतली एकेक करून जमवली, त्यात वेताळाची, म्हणजे फँटमची, सगळ्यात जास्त. रेक्झिनच्या बॅगेत भरून, डांबर गोळ्या टाकून माळ्यावर ठेवली. बॅग बाहेरच्या भिंतीला टेकलेली. 26 जुलै 2005 ला तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण ती भिंत कितीतरी दिवस ओली होती. गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढलो, तेव्हा बॅग उघडली. आत एक वीट होती. कॉमिक्सची वीट.

डांबर गोळ्यांनी कसर पळते. ओल कशी पळेल?

स्लॅब म्हणजे तिजोरी नव्हे. तो हवाबंद नसतो, दमट हवा आत जातेच. आतला कागद तोच, लाकडाच्या लगद्याचा, वर्तमानपत्राच्या जातीचा. उजेड आणि हवा मिळाली की पिवळा पडणारच, ठिसूळ होणारच. दमट हवेत पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. उन्हाने मुखपृष्ठाचे रंग उडतात. गोखले रोडवरच्या जुन्या दुकानांच्या काचेतली निळी पडलेली पोस्टर्स आठवा, लाल-पिवळा कुठे गेला त्यातला? 0.5 ते 10 मधला तो 9.4 आकडा ज्या दिवशी तपासलं त्या दिवसाचा आहे. लेबल बदलत नाही, कागद बदलतो.

त्याच्याकडे एसी आहे, मान्य. पण ऑफिसला गेला की बंदच ना? मग दिवसभर दमट, रात्री कोरडं. कागदाला हा रोजचा चढउतारही सोसत नाही.

आणि इतकं सोपं असतं हो सगळं! आतल्या भिंतीलगतचं कपाट, जमिनीपासून वर. स्लॅब उभे ठेवायचे, आडव्या थप्पीत दाबायचे नाहीत. कपाटात दहाबारा रुपयांची सिलिका जेलची पाकिटं आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की झालं. स्लॅब हातातून पडू द्यायचा नाही, आतला अंक सरकून कोपरे दुमडतात. सुटे अंक असतील तर रेक्झिन नको, पीव्हीसी नको. पॉलिप्रॉपिलीनची किंवा मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पिशवी आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा. भिंतीवर हवंच असेल तर मुखपृष्ठाची रंगीत प्रत काढून फ्रेम कर ना.

हो, त्याचे पैसे, त्याची भिंत. आल्यागेल्याला दाखवावंसं वाटतं, तेही कळतं मला.

पण मला अण्णा दिसतात. पंख्याखाली सतरंजीवर बसलेले, लोणी लावायच्या सुरीने एकेक पान सोडवताहेत. पान सुटायचं आणि वेताळाचा चेहरा समोरच्या पानाला चिकटून यायचा. तीन दिवस बसले होते. कोणावर ओरडले नाहीत. चौथ्या दिवशी सुरी धुवून जागेवर ठेवली आणि आईला म्हणाले, रद्दीवाल्याला बोलाव.

नऊ अंक वाचले. ते अण्णांनी उशाखाली ठेवले होते, म्हणून.

दुपारी मी जरा जास्तच बोलले, तुझ्या बायकोसमोर. ते चुकलं. रागावला असशील. पण मृग लागलाय रे, आता चार महिने ठाण्याची हवा कशी असते तुला सांगायला नको. आज रात्रीच काढ ते भिंतीवरून, उद्यावर टाकू नकोस. आणि रविवारी ये. ते नऊ अंक तुलाच द्यायचेत. येताना पिशवी आणू नकोस, डबा मी देते.