जादोव्हिलचे जवान भ्याड नव्हते

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: 1961 साली कांगोतल्या जादोव्हिल गावात आयर्लंडच्या दीडशे जवानांनी शत्रूपुढे हात वर केले. एकही जण मेला नाही, म्हणजे ते लढलेच नाहीत. हल्ला झाला तेव्हा ते गाफील होते, प्रार्थनेत गुंग होते. हातात चांगल्या रायफली होत्या, मदत वाटेवर होती, तरी धीर धरला नाही. म्हणून तर त्यांच्याच देशानं त्यांना पदक दिलं नाही. पुढे 2016 मध्ये सिनेमा आला आणि पळपुटे एका रात्रीत वीर झाले.

हा आरोप आजचा नाही. आयर्लंडच्या बराकींमध्ये या जवानांना 'जादोव्हिल जॅक' म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं. सतरा-अठरा वर्षांची पोरं होती त्यात. म्हातारी होईपर्यंत त्यांनी हे ऐकलं. तेच आता आपल्या मराठी गटांत टाळ्या घेत फिरताना बघून राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी प्रसंग. कांगो 30 जून 1960 ला बेल्जियमच्या ताब्यातून सुटला आणि दोन आठवड्यांच्या आत, 11 जुलैला, खाणींनी श्रीमंत असलेला कटांगा प्रांत मोइस चोंबेच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. चोंबेच्या पाठीशी बेल्जियन खाण कंपनीचा पैसा होता आणि भाडोत्री सैनिक होते. संयुक्त राष्ट्रांनी तिथं शांतिसेना पाठवली. आयर्लंडच्या 35व्या इन्फंट्री बटालियनची 'ए' कंपनी त्यातलीच. सप्टेंबर 1961 च्या सुरुवातीला तिला जादोव्हिलला, म्हणजे आजच्या लिकासीला धाडलं. काम काय, तर तिथल्या बेल्जियन रहिवाशांचं रक्षण. तिथं पोचल्यावर कळलं की ज्यांचं रक्षण करायचं, त्यांनाच ही सेना नको आहे. गाव सगळं चोंबेच्या बाजूचं.

आता मुद्दा पहिला आणि सगळ्यात जास्त चालणारा: कुणी मेलं नाही, म्हणजे लढले नाहीत.

कंपनीचा प्रमुख होता कमांडंट पॅट क्विनलन. आपल्याकडच्या मेजरच्या तोडीचा हा हुद्दा. काउंटी केरीचा हा माणूस जादोव्हिलला आला, गावाचा रागरंग त्यानं पाहिला आणि पहिलं काम काय केलं, तर माणसांच्या हाती फावडी दिली. रस्त्याकडेला एक गॅरेज आणि काही बंगले, आजूबाजूला सपाट माळ, आडोसा असा कुठं नाही. त्या कडक जमिनीत, कांगोच्या उन्हात त्यानं खंदक खणून घेतले. शांतिसेनेच्या माणसाला खंदक कशाला, असं कुणालाही वाटलं असतं. पण 13 सप्टेंबरच्या सकाळी गोळीबार सुरू झाला तेव्हा या खंदकांनीच माणसं वाचवली. पाच दिवस मॉर्टर, तोफा, मशिनगन सगळं त्यांच्यावर ओतलं गेलं. वरून फूगा मॅजिस्टर जातीचं जेट विमान बॉम्ब टाकून आणि गोळ्या झाडून जात होतं. जखमी झाले पाच. मेलं कुणी नाही.

याला नशीब म्हणा हवं तर. मी याला चांगला अधिकारी म्हणतो. सैन्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा: घाम गाळून खंदक खणणं किती कंटाळवाणं काम असतं आणि त्यासाठी अधिकाऱ्याला किती शिव्या बसतात. ज्यानं त्या खाल्ल्या, त्याचीच माणसं घरी परतली म्हणून ती भ्याड कशी ठरतात? आणि ती नुसती दडूनही बसली नव्हती. त्यांच्या व्हिकर्स मशिनगननी आणि 60 मिलिमीटरच्या छोट्या मॉर्टरनी लाटेमागून लाट परतवली, समोरची मॉर्टर आणि तोफांची ठाणी अचूक माऱ्यानं गप्प केली.

इथं थोडं थांबून बोलायला हवं, कारण 'मेला नाही म्हणजे लढला नाही' ही समजूत आपल्याही अंगात भिनलेली आहे. बाजीप्रभू आणि तानाजी ऐकत आपण वाढलो. त्यामुळे ज्यानं देह ठेवला तो वीर, हे समीकरण पक्कं बसलं. पण त्याच इतिहासात पुरंदरचा तहही आहे. मुरारबाजी पडल्यावर महाराजांनी 23 किल्ले दिले आणि माणसं राखली. त्याला कुणी पळपुटेपणा म्हणत नाही.

आयर्लंडमध्येही नेमकं हेच समीकरण या जवानांच्या मुळावर आलं. जादोव्हिलच्या दहा महिने आधी, 8 नोव्हेंबर 1960 ला, कांगोतच नियेम्बा इथं 33व्या बटालियनच्या 11 जणांच्या गस्ती तुकडीवर हल्ला होऊन 9 जण मारले गेले. त्यांच्या शवपेट्या डब्लिनला आल्या तेव्हा रस्त्यांवर लाखोंनी माणसं उभी होती. अख्खा देश रडला, आणि ते योग्यच होतं. पण त्यानंतर पाच दिवस झुंजून जिवंत परतलेल्या दीडशे जणांचं काय करायचं, हे त्या देशाला कळेना. शवपेट्यांपुढे मान झुकवायला तो शिकला होता. 'शरण आलो' असं सांगत दारात उभ्या राहिलेल्या पोराशी कसं वागायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसरा मुद्दा, गाफीलपणाचा. हल्ला झाला तेव्हा बरेच जवान उघड्यावर मिस्साला, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थनेला उभे होते, हे खरं. पण सगळे नव्हते. पहारा होता, खंदकं तयार होती, मशिनगन जागेवर होत्या. पहाऱ्यावरच्यांनी वेळीच इशारा दिला, गोळीबार केला आणि पहिलीच चाल उधळली. हल्लेखोरांना वाटलं होतं, अलगद धरू. तसं धरता आलं असतं तर वेढा पाच दिवस कशाला चालला असता?

आणि गाफील कोण होतं, हे विचारायचंच असेल तर नजर वर न्यावी लागते. त्याच 13 सप्टेंबरला पहाटे संयुक्त राष्ट्रांनी एलिझाबेथव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीत, कटांग्याच्या सत्तेविरुद्ध मोठी कारवाई सुरू केली होती. तिथले संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी कॉनर क्रूझ ओब्रायन, तेही आयरिशच. या कारवाईचा भडका सव्वाशे किलोमीटरवरच्या एकट्या पडलेल्या कंपनीच्या अंगावर येणार, हे उघड होतं. तिला ना आधी माघारी घेतलं, ना कुमक दिली.

शस्त्रांचा मुद्दा लवकर आटपतो. एफएन रायफली होत्या, ब्रेन आणि व्हिकर्स मशिनगन होत्या, दोन जुन्या चिलखती गाड्या होत्या. विमानावर झाडायला काहीही नव्हतं. त्या एकट्या फूगा जेटला हटकणारं एकही लढाऊ विमान तेव्हा कटांग्यात संयुक्त राष्ट्रांकडे नव्हतं. भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमानं कांगोत पोचली ती ऑक्टोबरात, वेढा संपून गेल्यावर.

मदत वाटेवर होती, थोडा धीर धरायचा होता, हा आरोप मात्र सविस्तर बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. मदत निघाली होती, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा ती लुफिरा नदीच्या पुलावर अडली. पलीकडे कटांग्याचे सैनिक मोर्चे बांधून बसले होते आणि वरून तेच विमान. दुसऱ्या खेपेला त्या ताफ्यात आपले गुरखा जवानही होते. त्या पुलाच्या लढाईत भारतीय जवानांचे प्राण गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण फिरणाऱ्या मजकुरात त्यांचं नावही नाही. जादोव्हिलच्या आयरिश पोरांना सोडवायला जाताना ते मेले, आणि आपणच इथं बसून त्या पोरांना भेकड म्हणतोय.

तर मदत पोचली नाही. क्विनलनला वायरलेसवर 'टिकून राहा' एवढंच ऐकू येत होतं. तो टिकलाही. त्यानं उलट पाठवलेला निरोप प्रसिद्ध आहे: शेवटची गोळी संपेपर्यंत लढू, थोडी व्हिस्की मिळाली तर बरं होईल. पण व्हिस्की राहिली बाजूला, साधं पाणी संपत आलं होतं. नळाचं पाणी शत्रूनं तोडलं होतं. भांड्याकुंड्यांत भरून ठेवलेलं उन्हानं खराब झालं. मग एक हेलिकॉप्टर गोळीबारातून वाट काढत उतरलं. वैमानिक एक नॉर्वेचा, एक स्वीडनचा. जिवावर उदार होऊन त्यांनी पाण्याचे कॅन आणले. जवानांनी झाकण काढून तोंडाला लावलं तर इंधनाचा वास. कॅन आधी इंधनाचे होते, नीट धुतलेच नव्हते. चार दिवस खंदकात, घशाला कोरड, डोळ्यांसमोर पाणी, आणि ते पिता येत नाही. धीराची गोष्ट करणाऱ्यानं हा कॅन एकदा डोळ्यांपुढे आणावा.

16 सप्टेंबरला जादोव्हिलपुरता युद्धविराम ठरला. पाणी सुरू होईल, असं त्यात होतं. पण त्या आडून वेढा आणखी आवळला गेला. 17 तारखेला क्विनलनसमोर हिशेब साधा होता. दारूगोळा संपल्यात जमा, पाणी नाही, कुमक नाही, आणि खंदकात दीडशे तरुण. ते सगळे मेले असते तरी जादोव्हिल संयुक्त राष्ट्रांच्या हाती राहिलं नसतं. त्यानं शस्त्रं खाली ठेवली. त्याच रात्री युद्धविरामाची बोलणी करायला निघालेले संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचं विमान न्डोलाजवळ कोसळलं आणि ते गेले. जगाचं लक्ष तिकडे वळलं. 'ए' कंपनीनं पुढचा महिनाभर कैदेत काढला, सुटकेची खात्री नसताना.

आता पदकांचं. 'देशानंच पदक दिलं नाही' हे बरीच वर्षं खरं होतं, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे. क्विनलननं आपल्या अनेक जवानांची नावं शौर्यपदकासाठी पाठवली होती. ती नाकारली गेली. कुणावर कोर्ट मार्शल झालं, असंही काही जण लिहितात. ते झालेलं नाही. झालं ते त्याहून चिवट: गप्प बसवणं. ही शरणागती सैन्यालाही अडचणीची होती आणि संयुक्त राष्ट्रांनाही, म्हणून विषयच काढायचा नाही. क्विनलन पुन्हा परदेशातल्या मोहिमेवर गेला नाही. 1997 मध्ये तो वारला, तोवर त्याच्या कंपनीचं नाव स्वच्छ झालेलं नव्हतं.

'सिनेमानं वीर बनवलं' हे तर तारखांवरच पडतं. वेढ्यात 17 वर्षांचा असलेला शिपाई जॉन गॉर्मन निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवत होता. त्याच्यासारख्यांच्या रेट्यामुळे 2004 मध्ये संरक्षणमंत्री विली ओडी यांनी प्रकरणाचा फेरविचार मान्य केला. 2005 मध्ये आयर्लंडमधल्या अथलोनच्या कस्ट्यूम बराकीत स्मारकशिला बसली. सिनेमा आला त्यानंतर 11 वर्षांनी.

एक गोष्ट मात्र या जवानांच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनाही सांगायला हवी. 'दीडशे विरुद्ध तीन हजार, तीनशे ठार' हे आकडे अंदाजाचे आहेत. शत्रूची प्रेतं कुणी मोजून ठेवली नव्हती. फौज प्रचंड होती आणि तिचं मोठं नुकसान झालं, एवढं पुरेसं आहे. आकडे फुगवून लिहिलं की समोरचा तेवढंच खोडतो, आणि खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास जातो. शिवाय समोर मेलेले बहुतेक कांगोचीच माणसं होती, भाडोत्री गोऱ्यांच्या हुकमाखाली पुढं ढकललेली. त्यांच्या मरणाचे विक्रम मिरवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर 2017 मध्ये अथलोनला 'ए' कंपनीसाठी खास जादोव्हिल पदक दिलं गेलं. घ्यायला काही म्हातारे स्वतः आले. जे वारले होते त्यांच्या जागी घरची माणसं पुढं झाली. पदकावर आयरिश भाषेत जे शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'शूर बचाव'.