कंसातली रॅम नक्की कुणाची?

च्यायला डोकंच फिरलंय आज. लॅपटॉप रखडायला लागला म्हणून सहज सिस्टीमची माहिती उघडली तर तिथे लिहिलंय इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी, आणि पुढे कंसात, कानात कुजबुजल्यासारखं, ५.९ जीबी यूजेबल. यूजेबल म्हणजे?? उरलेली काय शोभेला ठेवलीये? विकताना कंस नव्हता हो, तेव्हा खोक्यावर ठसठशीत ८ जीबी.

आणि हे माझ्या बाबतीत दुसऱ्यांदा होतंय म्हणून जास्त सटकलीये. जुन्या डेस्कटॉपला ४ जीबी होती, दिसायची ३.२५. म्हटलं अजून ४ ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, टाकू, विषय संपेल. कॅबिनेट उघडलं, धूळ खाल्ली, स्टिक दाबून बसवली, चालू केलं, आणि काय, इन्स्टॉल्ड ८, यूजेबल तेच ३.२५! एक बाइट वाढला नाही. मग स्टिक काढ, खोडरबराने पट्ट्या घास, स्लॉट बदल, याची त्यात त्याची यात, अख्खा रविवार गेला, आणि शेवटी कळलं की ज्या महाभागाने मशीन फॉरमॅट करून दिलं होतं त्याने ३२ बिटची ओएस, म्हणजे विंडोज, टाकलेली. प्रोसेसर ६४ बिटचा असताना! विचारलं तर म्हणे चालतंय ना, मग काय.

आता रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो, आणि ३२ बिट म्हणजे पत्ते किती, तर ४,२९,४९,६७,२९६. तेवढेच. म्हणजे ४ जीबी. त्याच्या पलीकडे तुम्ही कितीही रॅम खुपसा, तिला घर नंबरच नाही तर तिच्यापर्यंत पोचणार कोण. बरं ४ तरी पूर्ण द्याल? नाही. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) चिप या सगळ्यांना पत्ते लागतात आणि ते पण याच पत्त्यांतले, सगळे ४ जीबीच्या वरच्या टोकाला ठाण मांडून बसतात आणि तेवढ्या पत्त्यांची रॅम झाकली जाते. म्हणून ३.२५, कुणाला ३.५, कुणाला त्याहून कमी, ज्याच्या मशीनमध्ये जसे पाहुणे तसं. आणि ३६ बिटच्या पत्त्यांची सोय, पीएई म्हणतात ती, ६४ जीबीपर्यंत जाणारी, ती पेंटियम प्रोमध्ये १९९५ लाच आली होती हो! ३२ बिट लिनक्सला पीएईवाला कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, टाकला की ४ च्या पुढची रॅम दिसते सुद्धा. पण घरगुती ३२ बिट विंडोजला ४ वर कुलूप, कारण काही ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, मोठा पत्ता दिसला की कोसळायचे. म्हणजे ड्रायव्हर कुणीतरी गचाळ लिहायचे आणि रॅम माझी जायची, भारी न्याय आहे. वर ३२ चं ६४ थेट अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकायचं. टाकलं. करतो काय.

तर आता हा लॅपटॉप. ६४ बिट आहे, पहिल्यांदा तेच तपासलं, एकदा पोळलोय. मग सल्ले सुरू. प्रत्येक जण सांगतो एमएसकॉन्फिग (विंडोजची सेटिंगची खिडकी) उघड, बूटमध्ये जा, मॅक्झिमम मेमरीवर टिक कर आणि पूर्ण आकडा टाक. अरे बाबांनो तो डबा रॅम वाढवायचा नाहीये, मुद्दाम कमी रॅमवर मशीन चालवून बघायचा आहे! तिथे टिक असेल तर काढायची असते, लावायची नाही. आधीच कमी आहे आणि हे अजून कमी करायला सांगतात, तेही एवढ्या आत्मविश्वासाने.

शेवटी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर सगळ्यात खाली सापडलं, हार्डवेअर रिझर्व्हड २.१ जीबी. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सने २ जीबी मशीन चालू होतानाच बाजूला काढून ठेवलेत. मी गेम खेळत नाही, व्हिडिओ एडिट करत नाही, मला एक्सेल आणि ब्राउझर लागतो. आणि कहर म्हणजे खाली परत शेअर्ड जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) मेमरी म्हणून ३ जीबी दाखवतंय, म्हणजे कमी पडलं तर माझ्या उरलेल्यातली अर्धी पण तोच घेऊ शकतो! आधी हिस्सा तोडून घेतला आणि परत उधारीचं खातं वेगळं.

पण माझा खरा राग रॅम गेल्याचा नाहीये एवढा, कारण न सांगण्याचा आहे. ३२ बिट ओएस असो, बायोसमध्ये रीमॅपिंग (झाकलेल्या रॅमला ४ जीबीच्या वरचे पत्ते देणं) बंद असो, स्टिक नीट बसली नसो, प्रोसेसरच्या सॉकेटची एखादी पिन वाकलेली असो (रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो ना आता), की विंडोज ७ होम बेसिकसारखी आवृत्ती असो जिला ६४ बिटमध्ये पण ८ जीबीच्या वर परवानगी नाही, सगळ्याला तोच एक मुका कंस. मशीनला आतून पक्कं माहितीये कुठे गेली ते, आकडा काढलाय म्हणजे हिशोब केलाच ना, मग एक ओळ लिहायला काय झालं, की बाबा २ जीबी ग्राफिक्सने घेतली? नाही. तुम्ही पेचकस घेऊन बसा.

बायोसमध्ये गेलो, तिथे ग्राफिक्सचा हिस्सा कमी करायचा पर्याय असतो म्हणे, २ जीबीचा ५१२ एमबी केला की झालं. माझ्या बायोसमध्ये तारीख आहे, पासवर्ड आहे, बूटचा क्रम आहे, एफएन आणि कंट्रोल बटणांची अदलाबदल करायची सोय आहे. तो पर्याय नाही. आणि स्टिक वाढवावी म्हटलं तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली.