‘वॉल नंतरही बसतो’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ट्रॅक्टर घ्यायच्या आधी अवजारं ठरवा. आपल्या रानात काय काय चालणार, त्याला किती ताकद लागणार, ते कागदावर मांडा आणि मगच शोरूमची पायरी चढा. पलटी नांगर (प्रत्येक फेरीला हायड्रॉलिकने उलटा होणारा) आज ना उद्या लागणार असेल तर डीसी वॉल (अवजाराच्या सिलिंडरला तेल पाठवणारा हायड्रॉलिक वॉल) आणि डबल क्लच ट्रॅक्टरसोबतच घ्या, आणि डीलर देतो त्या ‘फुकट रोटाव्हेटर’च्या (माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) नादाला लागू नका, हेही होतं. त्याखाली सिन्नरकडच्या एका भाऊंची प्रतिक्रिया आली आहे. ती जशीच्या तशी देतो:

‘साहेब, एसीत बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका. वॉल काय, गावातला मिस्त्रीपण नंतर बसवून देतो. तीन एकरवाल्याने हे सगळं घेऊन कर्जात मरायचं का? अवजारं भाड्याने मिळतात. शोरूमवाले किती देतात तेवढं लिहा.’

भाऊ, मतभेद असू द्या, त्याला माझी हरकत नाही. पण ‘साहेब’ आणि ‘एसी’ हे शब्द वापरण्याआधी निदान चार जुने लेख वाचायचे होते. आमचं रान परभणी जिल्ह्यातलं, गोदाकाठचं, भारी काळं. एप्रिलमध्ये त्याला पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. त्या रानात मी शाळेत असल्यापासून ट्रॅक्टरवर बसतोय. आधी वडिलांच्या शेजारी मडगार्डवर आणि नंतर स्टिअरिंगवर. मला कुणी शोरूमवाला पैसे देत नाही, या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही, आणि त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं. तरी तुम्ही थेट ‘किती देतात’ असं विचारता. समोरासमोर बसून असं विचारलं असतं का? बांधावर उभं राहून बोलताना आपण एकमेकांना असं बोलत नाही, मग इथे लिहिताना का बोलावं?

आता तुमचं ते एक वाक्य घेतो, कारण तेवढंच मुद्द्याचं आहे आणि नेमकं तेच लोकांना खड्ड्यात घालणारं आहे. ‘वॉल काय, गावातला मिस्त्रीपण नंतर बसवून देतो.’

देतो, बसवून देतोच. आमच्याकडेही दिला होता. वडिलांनी बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला तेव्हा डीलरने हेच सांगितलं होतं, की आत्ता गरज नाही, लागेल तेव्हा बघू. घरी ट्रॉली होती, तिच्या जॅकला एकच पाइप लागतो. तेल गेलं की ट्रॉली उचलते, सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली बसते. पलटीचं तसं नाही. तिचा सिलिंडर दोन्ही बाजूंनी काम करतो. एका पाइपाने तेल आत जातं, त्याच वेळी दुसऱ्याने परत यायला हवं, आणि पुढच्या फेरीला हेच उलट व्हायला हवं. म्हणून डबल ॲक्टिंग वॉल, म्हणजे तोच डीसी वॉल, लागतो. पुढे पलटी घेतली आणि मिस्त्रीने वॉल बसवला. प्रेशर बरोबर घेतलं, पण परतीचा पाइप बारक्या तोंडाला जोडला. तेलाला मोकळी वाट नाही म्हटल्यावर ते तापतं. सकाळी नांगर टकाटक पलटायचा. ऊन वर आलं की अर्ध्यावर अडकायचा, अवजार उचलणारी मागची लिफ्ट थरथरायची, आणि वडील खाली उतरून नांगराला खांदा लावायचे. खांदा कशाला लावतोय बघा, चारशे किलोच्या आसपासच्या लोखंडाला!

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरपेटीचं तेल एकच असतं. क्विक कपलरच्या (पाइप पटकन जोडायच्या तोंडाच्या) टोकाला टोपी नसेल आणि पाइप रानात जमिनीवर लोळत पडला असेल तर त्या टोकाला चिकटलेली माती जोडताना सरळ आत जाते. लोक चिंधीने पुसतात, चिंधीचे धागे वर आणखी. ती घाण वॉलमध्ये जाते, पंपात जाते आणि गिअरांमध्येही फिरते. आमच्या ट्रॅक्टरचं तेल काढलं तेव्हा ते दुधाळ झालेलं होतं, म्हणजे पाणीही शिरलं होतं. पंप गेला. वॉरंटीचा अर्ज केला तर उत्तर आलं की बाहेरचं काम झालंय, आमची जबाबदारी नाही. आणि कागदावर ते खरंही होतं. ट्रॅक्टरसोबत आलेला वॉल असता तर तेच उत्तर त्यांना देता आलं नसतं.

म्हणून मी म्हणतो, आधीच घ्या. लाखांच्या व्यवहारात ही हजारांतली गोष्ट आहे. तुम्ही कर्जाचं म्हणता, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. हा फरक डीलर स्वतःची ‘खास सूट’ म्हणून दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. तो तुमचाच पैसा आहे, त्यात वॉल बसवून मागा.

आणि वॉल निदान नंतर बसतो तरी. डबल क्लचचं काय? सिंगल क्लचमध्ये पाय दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओही (मागच्या यंत्राला फिरवणारा शाफ्ट) थांबतो. रोटाव्हेटरला तेवढं चालून जातं. पण पाचटाच्या गाठी बांधणारा बेलर चालवा, पाचट तोंडाशी गोळा झालं, तुम्ही क्लच दाबला आणि बेलरच बंद पडला. मग हाताने उपसत बसा. डबल क्लचमध्ये अर्धा दाबला की फक्त चाकं थांबतात, मागचं यंत्र फिरत राहतं आणि गोळा झालेलं गिळून टाकतं. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्यालाही हे वेगळं सांगायला नको, आणि तुमच्या नाशिक जिल्ह्यात असे लोक ढिगाने आहेत. हा क्लच नंतर घालायचा तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, आतले शाफ्टही वेगळे असतात. गावातला मिस्त्री हेही करून देतो म्हणाल, तर माझं बोलणं खुंटलं.

एक गोष्ट कबूल. अठरा-वीस एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरचा मी वेगळा उल्लेख करायला हवा होता. फक्त बागेतली आंतरमशागत आणि फवारणी करणार असाल तर डीसी वॉलवर खर्च करायचं कारण नाही. तो लेख पंचेचाळीस-पन्नास एचपी घेणाऱ्यांसाठी होता, तसं वर स्पष्ट लिहायला हवं होतं. लेखात तशी ओळ टाकतो. पण एवढ्या एका गोष्टीवरून अख्खा लेख ‘शहाणपण’ ठरत नाही.

भाड्याच्या अवजारांचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे. वाफसा आला की अख्ख्या गावाला एकाच दोन दिवसांत तेच अवजार हवं असतं, एवढंच सांगतो. तीन एकरवाल्याने ट्रॅक्टर घ्यावा की नाही, यावर मी लिहिलंच नव्हतं. ट्रॅक्टर घ्यायचं ज्याचं ठरलं आहे, त्याच्यासाठी लिहिलं होतं.

‘फुकट रोटाव्हेटर’वर तुम्ही काहीच बोलला नाहीत, पण खाली दुसऱ्या दोघांनी विचारलंय म्हणून थोडं सांगतो. रोटाव्हेटरची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकेल एवढी पाहिजे. नाहीतर प्रत्येक फेरीला चाकाखाली दाबलेला पट्टा तसाच राहतो. डीलरकडे जो पडून असतो तोच तो फुकट देतो, मग तो पाच फुटी असो की सहा फुटी. आणि इंजिनचे एचपी पाहून रोटाव्हेटर निवडू नका, पीटीओचे एचपी बघा. ते नेहमी कमी असतात. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्र सरकारी संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. तिच्या अहवालात पीटीओची ताकद दिलेली असते आणि लिफ्ट किती उचलते तेही असतं. हा लिफ्टचा आकडा नीट वाचा. पत्रकावर छापलेला आकडा खालच्या लिंकच्या (अवजार जोडायच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो. पलटीचं वजन त्याच्या बरंच मागे असतं, तिथे तीच लिफ्ट कमी उचलते. त्याच अहवालात टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला आकडाही दिलेला असतो, तो धरून हिशेब करा. बांध ओलांडताना पुढची चाकं उचलली जाऊन स्टिअरिंग हलकं पडलं असेल, तर ते याच कारणाने. ट्रॅक्टरच्या पुढे लावायची वजनं कुणीही मागून घेत नाही, आणि मग ड्रायव्हरला दोष देतात.

अनुदान घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) पूर्वसंमती मिळायच्या आधी बिल करायचं नाही. डीलर ‘आत्ता उचला, कागद नंतर करू’ म्हणतो. नंतर कागद होत नाहीत.

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण शोरूमवाल्यांच्या पैशाबद्दलचं ते वाक्य तुम्ही स्वतःहून मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. बाकी, तुमच्या किंवा तुमच्या गावातल्या कुणाच्या ट्रॅक्टरला मिस्त्रीने बसवलेला वॉल पलटीवर चालत असेल, तर दुपारी दोनच्या उन्हात, तीन-चार तास नांगरून झाल्यावर, त्याचा परतीचा पाइप कुठे जोडलाय त्याचा फोटो इथे टाका. ट्रॅक्टरचं मॉडेल आणि तेल शेवटचं कधी बदललं तेही लिहा. व्यवस्थित चालत असेल तर त्या मिस्त्रीने जोडणी कशी केली ते मी याच ब्लॉगवर फोटोसह छापतो.