पाचव्या आठवड्यात आणलेलं पिल्लू

दादाचा फोन आला तेव्हा मी जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि मांडीत एकवीस दिवसांचं पिल्लू होतं. "शेरूने आज तुझ्या वहिनीला दात लावला," दादा म्हणाला. शेरू अकरा महिन्यांचा लॅब्रॅडोर. मिक्सर लावला की कॉटखाली जातो, हेल्मेट घातलेला माणूस दारात दिसला की अंगावर धावतो. "जातच बिघडलेली निघाली," हे दादाचं निदान.

आणलास तेव्हा केवढा होता, असं मी विचारलं.

"पाच आठवड्यांचा. विकणारा म्हणाला, जितकं लहान न्याल तितका लळा लागतो."

हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. ते ऐकायला इतकं गोड लागतं की त्याला कोणी हटकत नाही. लळा लागतो हे खरंच आहे, पण तो आपल्याला लागतो. पाच आठवड्यांच्या पिल्लाला अजून भावंडांत लोळायचं असतं, दुसऱ्याला जोरात चावलं की तो किंचाळून खेळ सोडतो हे शिकायचं असतं, आईचं गुरगुरणं ऐकून मागे सरायचं असतं. दात किती जोरात लावायचे याचा अभ्यास त्याच दिवसांत होतो आणि शिकवणारी भावंडंच असतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात १४० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती. त्यातली निम्मी कुत्री आईपासून तीस ते चाळीस दिवसांत तोडलेली होती, निम्मी दोन महिन्यांनी. लवकर तोडलेल्यांत बाहेर नेल्यावर घाबरणं, भुंकत सुटणं, खाण्यावरून आणि खेळण्यांवरून गुरगुरणं जास्त आढळलं. शेरू पस्तिसाव्या दिवशी आला. भारतातल्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दादाला ते माहीत नव्हतं. विकणाऱ्याला बहुधा माहीत होतं.

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ऑगस्ट २०२५ पासून कुत्र्यांवरून जेवढी वादावादी झाली तेवढी निवडणुकीवरूनही झाली नसेल. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं आणि नसबंदी, लसीकरण करून कुत्री जिथली तिथे सोडायला सांगितली, फक्त पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातून कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. गटावर कुत्री हटवा म्हणणारे काका एका बाजूला, गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणारी आत्याची मुलगी दुसऱ्या बाजूला. काकांना मी 'निर्दय' म्हणणार नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मी राहते त्या इंग्लंडमध्ये कुत्र्यांना रेबीज होतच नाही. ज्या भीतीत मी राहत नाही त्या भीतीवर मी इथून प्रवचन काय देणार?

तरी दिलंच. परदेशात राहणाऱ्या माणसाला एक खोड लागते. वाक्याची सुरुवात 'आमच्याकडे इथे' अशी होते आणि समोरचा फोन हळूच बाजूला ठेवतो. मी लिहिलं, आमच्याकडे इथे एप्रिल २०२० पासून लूसीचा कायदा आहे. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सुटलेल्या कॅव्हेलियर स्पॅनियल कुत्रीचं नाव त्याला दिलंय. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही, ते ज्याच्याकडे जन्मलं त्याच्याकडूनच घ्यायचं, आईबरोबर बघून, नाहीतर प्राण्यांच्या निवाऱ्यातून. आठ आठवड्यांच्या आत मायक्रोचिप लावायची. हे सगळं लिहून मी मोठ्या समाधानाने फोन खाली ठेवला.

समाधान फार टिकलं नाही, कारण आमची कुत्री राणी व्याली. सात पिल्लं. वर्षभरात तीन किंवा जास्त वेतं काढणाऱ्याला, नाहीतर धंदा म्हणून करणाऱ्याला इथे परवाना लागतो. माझ्यासारखीला लागत नाही. म्हणजे ज्या आठ आठवड्यांचं मी गटावर एवढं कौतुक केलं, त्या आठ आठवड्यांत माझ्या खोलीत कायद्याचं कुत्रंही फिरकलं नाही. मी ती पिल्लं अंधाऱ्या शेडमध्ये ठेवून छप्पन्नाव्या दिवशी चिप लावून विकली असती, तर कागद चोख राहिले असते. आणि दाखवायला भाड्याची आई उभी करणारे लोक इथेही आहेतच. (जगात एवढी बेवारस कुत्री असताना वेत काढलंसच कशाला, असं आत्याच्या मुलीने विचारलं. माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, अजूनही नाही.)

पहिले दोन आठवडे फार काही दिसत नाही आणि म्हणूनच माणूस फसतो. पिल्लं आंधळी, बहिरी, स्वतःचं अंगही गरम राखू न शकणारी. वास, स्पर्श आणि ऊब एवढंच त्यांचं जग. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची सैल लोकर बांधली आणि सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. हिरव्या लोकरीवालीचं वजन तिसऱ्या दिवशी घटलं, म्हणून तिला दर वेळी मागच्या, भरलेल्या आचळाला लावत बसले. वजन करताना मिनिटभर हातात धरायचं, पोटावर झोपवायचं, पंजे चाचपायचे. त्यातून पुढे काय साधतं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण हाताची ओळख डोळ्यांच्या आधी होते एवढं मी पाहिलं. त्याहून महत्त्वाची आई. राणी निवांत असली की पिल्लांची पेटी निवांत असायची. ती दारावरच्या प्रत्येक बेलला उठून धावत होती तेव्हा मी बेलच काढून ठेवली.

दहाव्या ते चौदाव्या दिवसात डोळे उघडले, मग कान. तिसऱ्या आठवड्यापासून घरात जणू दुसरीच पिल्लं आली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू 'आपलं कोण' हे ठरवतं, हा त्यांचा निष्कर्ष. तिथल्याच १९६१ च्या एका प्रयोगात काही पिल्लं माणसाचा सहवासच न देता चौदा आठवडे वाढवली होती. त्यांची भीती नंतर जवळजवळ गेलीच नाही. क्रूर प्रयोग, पण शेरूसारख्याच्या मालकाने तो ऐकून ठेवावा.

मी काय केलं? मोठं काही नाही. पेटीत एका कोपऱ्यात झोपायचं अंथरूण आणि दुसऱ्या कोपऱ्यात हिरवळीचा तुकडा ठेवला. तीन आठवड्यांची पिल्लं आपणहून अंथरुणापासून लांब जाऊन शू करायला लागतात, जायला जागा असली तर. अरुंद पिंजऱ्यात सगळीकडे एकच वर्तमानपत्र पसरून वाढवलेलं पिल्लू ही समज गमावतं, आणि मग नवे मालक सहा महिने 'घाणेरडं आहे' म्हणत त्याच्यावर ओरडतात. रोज एकेका पिल्लाला एकटं उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. चटईवर, लादीवर, खरखरीत पोत्यावर चालवलं. टोपीवाला, दाढीवाला, काठी घेतलेला, व्हीलचेअरवरचा असा जो भेटेल तो माणूस घरी बोलावला. ब्रिटनमधल्या, अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या 'गाइड डॉग्ज' संस्थेच्या पिल्लांवरचा २०१७ चा एक अभ्यास आहे. पहिले सहा आठवडे रोज थोडी मिनिटं ठरवून अशी ओळख करून दिलेली पिल्लं आठ महिन्यांची झाली तेव्हा इतरांपेक्षा कमी घाबरट आणि एकटी राहिल्यावर कमी अस्वस्थ निघाली. मिनिटं थोडीच लागतात, पण ती रोज लागतात.

पाचव्या आठवड्यात मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला छत्री उघडली. सहा पिल्लं दचकली आणि दहा मोजायच्या आत वास घ्यायला आली. हिरवी मात्र कपाटाला पाठ लावून बसली. मी छत्री तशीच जमिनीवर ठेवली आणि पाठ फिरवून बसले. तिला उचललं नाही, ढकललं नाही. साडेतीन मिनिटांनी ती पोट जमिनीला घासत आली, छत्रीच्या काठाला नाक लावलं आणि पळाली. पुन्हा आली. चौथ्या खेपेला ती छत्रीखाली झोपली होती. त्या दिवसापासून मी पिल्लू दचकतं का हे पाहणं सोडलं. दचकणारच. सावरायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायला लागले. पाचव्या आठवड्याच्या सुमारास नव्याची भीती मुळात जागी होते, आणि नेमकं तेव्हाच शेरूला आईपासून उचलून खोक्यात घालून स्कूटरवरून नेलं होतं. त्या स्कूटरवर हेल्मेट घातलेला माणूस होता.

म्हणून जातीवरची चर्चा ऐकली की मला दोन्ही देशांचा कंटाळा येतो. ब्रिटिश सरकारने इंग्लंड-वेल्समध्ये डिसेंबर २०२३ च्या शेवटच्या दिवसापासून एक्सएल बुली जातीच्या कुत्र्यांच्या विक्रीवर बंदी घातली, १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतपत्राशिवाय पाळण्यावरही. पुढच्याच महिन्यात भारत सरकारने तेवीस जातींवर बंदीचं पत्रक काढलं, जे कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. जवळजवळ सात हजार किलोमीटरवरच्या दोन सरकारांना एकाच हंगामात एकच युक्ती सुचली. मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर जास्त नुकसान करतं, हे नाकारण्यात अर्थ नाही, माणसं मेली आहेत. पण यादीत नाव शोधणारा अधिकारी 'हे पहिले दोन महिने कुठे वाढलं' हे कधी विचारत नाही.

उलट दिशेनेही मला एक कबुली द्यायची आहे. गल्लीत जन्मलेलं पिल्लू आवाज, वाहनं, मुलं, गर्दी या बाबतीत पिंजऱ्यातल्या महागड्या पिल्लापेक्षा कितीतरी पुढे असतं. तो अभ्यासक्रम मला छत्र्या उघडून उभा करावा लागला, त्याला तो फुकट मिळतो. फक्त त्यात दगडही येतात आणि चाकंही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी भटक्या कुत्र्यांची ३६४ पिल्लं पाहिली. प्रजननाच्या वयापर्यंत १९ टक्केच जगली, आणि मेलेल्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मरणाला माणूस कारण होता. जी जगली त्यांनी माणसाच्या हाताबद्दल काय ठरवलं असेल, ते काकांच्या कुत्रे-मोजणीत येत नाही आणि आत्याच्या मुलीच्या वाटीतही.

लसीच्या बाबतीत मात्र इथला सल्ला जसाच्या तसा तिकडे पाठवायची माझी हिंमत नाही. पहिल्या लसीनंतर किमान आठवडाभराने पिल्लांना त्यांच्या शिकवणीच्या वर्गात न्या, सगळे डोस पुरे व्हायची वाट पाहू नका, असं वर्तनतज्ज्ञ सांगतात, कारण तोवर शिकायची खिडकी मिटत आलेली असते. पण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि जिथे गल्लीतल्या कुत्र्यांना लसच नाही तिथे 'जमिनीवर ठेवू नका' म्हणणारा डॉक्टर चुकत नाही. चूक होते ती पिल्लाला सोळा आठवडे एकाच खोलीत कोंडण्यात. कडेवर घेऊन दारात बसता येतं. कडेवरून स्कूटर, शाळेची मुलं, पाऊस, हेल्मेट सगळं दिसतं आणि पंजे मातीला लागत नाहीत.

छप्पन्न दिवस भरल्यावर पिल्लं गेली. कोणतं कोणाला, हे मी ठरवलं. रंगावरून निवडायला आलेल्या एका कुटुंबाला राग आला आणि ते रिकाम्या हाती गेले. प्रत्येकाबरोबर आईच्या वासाचं फडकं दिलं आणि जमलं नाही तर कधीही, कोणत्याही वयात, माझ्याकडेच परत आणा असं लिहून घेतलं. हिरवी एका शांत, वयस्क जोडप्याकडे गेली.

चार महिन्यांनी त्यांची ईमेल आली. हिरवी छत्रीला, कुकरला, ट्रकला घाबरत नाही. पण घरात कोणी नसलं की दार खरवडून रक्त काढते. मी घरून काम करते. त्या आठ आठवड्यांत ती पिल्लं कधी तासभरसुद्धा माणसाच्या आवाजाशिवाय राहिली नव्हती. महासाथीच्या काळात घेतलेल्या, घर कधीच रिकामं न पाहिलेल्या पिल्लांबद्दल इथे इतकं वाचलं होतं, लोकांना मीच सांगत होते, आणि माझ्या यादीत सगळं होतं, एकटेपणा तेवढा नव्हता. त्यांना मी काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पहिला अर्धा भाग माफीचा होता.

ती ईमेल मी दादाला वाचून दाखवली. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, बरं, शेरूचं काय करू ते सांग.

मिक्सर बंद ठेवून नुसता ओट्यावर ठेव, शेजारी खाऊ टाक आणि पाठ फिरवून बस, असं सांगितलं. मिक्सर चालू करायचा तो आठवड्यांनी, बंद दाराच्या पलीकडे. चावण्यासाठी तिथल्या वर्तनतज्ज्ञाला दाखव, हे फोनवर सुटणारं नाही, हेही सांगितलं. काल व्हिडिओ कॉलवर वहिनीच्या हातून झाकण पडलं. शेरू कॉटखाली गेला. दादाने फोन जमिनीवर टेकवून ठेवला, आणि आम्ही तिघं, दोन देशांत, गप्प बसून घड्याळ बघत राहिलो. अकरा मिनिटांनी कॉटखालून काळं नाक दिसलं. "मागच्या आठवड्यात पाऊण तास लागला होता," वहिनी कुजबुजली.