एका वेळी एकच संशयित

"पीसी क्रॅश होतोय" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कसा? कारण नुसतं तेवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरांसमोर बसून "दुखतंय" म्हणणं आणि पुढे गप्प राहणं. नव्यानं जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर किमान चार तऱ्हांनी मान टाकतो आणि दर तऱ्हेमागचा संशयित बहुधा वेगळा असतो.

कधी गेम एकटाच नाहीसा होतो आणि आपण डेस्कटॉपकडे बघत बसतो. कधी स्क्रीन हँग होते आणि आवाजाचा शेवटचा तुकडा स्पीकरमध्ये अडकून घरघरत राहतो. कधी निळी स्क्रीन येते. (विंडोज ११ मध्ये आता ती काळी केली आहे. प्रसंगाला साजेसं आहे, तक्रार नाही.) आणि कधी कुणीतरी प्लग उपटावा तसं सगळं फट्‌कन बंद. हँग झाल्यावर बटण दाबून धरायच्या आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल, तर आत विंडोज शुद्धीवर आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि कधीकधी स्क्रीन परत येते. दिवा हललाच नाही, तर प्रकरण खोलवरचं आहे.

मग माणूस इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडतो आणि त्याला लाल खुणेसह 'कर्नल-पॉवर ४१' दिसतो. आरोपी सापडल्याचा आनंद होतो. पण हा ४१ सांगतो काय, तर मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता. हे आपण स्वतः खुर्चीत बसून पाहिलेलं असतं! त्यापेक्षा आजूबाजूला 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) आहे का ते शोधा. त्यातला १८ म्हणजे हार्डवेअरची जीवघेणी चूक. १७ आणि १९ म्हणजे चूक झाली, पण सावरली. १७ पीसीआय एक्स्प्रेसकडे, म्हणजे कार्ड ज्या वाटेनं मदरबोर्डशी बोलतं तिकडे, बोट दाखवत असेल, तर ग्राफिक्स कार्ड काढून नीट बसवा. ते रायझर केबलवर (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधली जोडकेबल) उभं असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) स्लॉट जेन ३ वर, म्हणजे जुन्या, कमी वेगावर आणून बघा. निळ्या स्क्रीनच्या नोंदी विंडोजच्या मिनीडंप फोल्डरमध्ये असतात. त्यात कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, फाइलचं नाव आलं म्हणून विंडोजला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा ती बळी असते. माझा ठोकताळा सोपा आहे. दर वेळी एकच ड्रायव्हर दिसला तर त्या ड्रायव्हरला धरा; निळ्या स्क्रीनवर दर वेळी नवाच कोड आला तर रॅमला.

रॅमवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत सज्जन चेहऱ्याचा संशयित तोच आहे. खोक्यावर ६००० हा वेग छापलेला असतो आणि बायोसमध्ये तो वेग लावणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं (यालाच प्रोफाइल म्हणतात) एक निरागस बटण असतं. ते दाबणं हे रीतसर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. असा किट मुळात बहुधा ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर जागा होतो. प्रोफाइल लावलं की साधारण १.३५ व्होल्टवर पळायला लागतो. रॅम पळेलही, पण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरनं तेवढं पळायचं कबूल केलेलं नसतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरचा अधिकृत वेग रॅमच्या दोन स्टिकना (पट्ट्यांना) ५२०० आणि चार स्टिकना फक्त ३६०० आहे. म्हणजे चारही स्लॉट रंगीत दिव्यांच्या रॅमनं भरून ६००० मागणारा माणूस कॉम्प्युटर चालवत नसतो, नवस बोलत असतो.

म्हणून पहिलं काम फुकटातलं: प्रोफाइल बंद करा आणि नेहमीचाच गेम खेळा. क्रॅश थांबले तर दिशा मिळाली. दोनच स्टिक असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, हेही बघून घ्या. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, पूर्ण चार फेऱ्या. रात्री लावून झोपावं, कारण ३२ जीबीला काही तास सहज लागतात. सकाळी "एकच तर एरर आहे" असं म्हणून स्वतःला माफ करू नका. इथे पास होण्यासाठी शून्यच लागतं. एरर आली तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा हे कळतं. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) मध्ये रॅम हलवल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. ते मेमरी ट्रेनिंग असतं, मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबलंत, तर तो शिकलेलं विसरून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतो.

तापमानावर लोक फार वेळ घालवतात, म्हणून मी घालवत नाही. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली आहे आणि पाण्याचा कूलर असेल तर पंप फिरतोय, एवढं पाहा. रायझन ७००० मधले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जायला मुद्दामच बनवलेले आहेत.

अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला कमी व्होल्टेज देणं, मात्र फसवं. कुणीतरी सांगितलं म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या व्होल्टेजच्या सोयीत सगळ्या कोअरना उणे ३० लावलेलं असतं. सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी झकास पार पडते आणि ब्राउझर उघडताना मशीन मान टाकतं. विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. पूर्ण लोडमध्ये कोअर कमी वेगानं धावतात; हलक्या कामात एकच कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि नेमका तिथेच व्होल्टेज तोकडा पडतो. रिकामं बसलेलं असताना मरणारं मशीन दिसलं की आधी हे उणे आकडे शून्यावर आणा.

फट्‌कन बंद होण्याच्या तऱ्हेत नजर पॉवर सप्लायकडे वळते. आठ पिनांच्या एका कनेक्टरची क्षमता १५० वॉट, स्लॉटची ७५. कार्डाला दोन कनेक्टर असतील, तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल ओढा. कार्ड क्षणभरासाठी आपल्या छापील वॉटच्या बरंच वर उसळतं, आणि जुन्या घडणीचा सप्लाय ते संकट समजून स्वतःच बंद होतो. एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या नव्या मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसायची अट आली. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरला जराही फट राहता कामा नये आणि तोंडाशीच केबल वाकवू नये. दुसऱ्या सप्लायच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल "बसतात की!" म्हणून लावू नका. बसतात खऱ्या, पण पिनांची मांडणी वेगळी असते आणि ड्राइव्ह जळतात.

गेम एकटाच पडत असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर सेफ मोडमध्ये चालवून ड्रायव्हर पुसा आणि नव्यानं टाका. कार्ड दोन सेकंदांत उत्तर देत नाही असं दिसलं की विंडोज त्याला रीसेट करते, त्यामुळे कार्डाचा वेग १०० मेगाहर्ट्झनं उतरवून फरक पडतो का बघणं फायद्याचं. १६ जीबीच्या कार्डावर "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश आला आणि प्रोसेसर इंटेलचा १३ व्या-१४ व्या पिढीतला वरच्या श्रेणीचा असेल, तर कार्डाला सोडा. ती प्रोसेसरची ओळखीची खोड आहे. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय आले, म्हणून बायोस अपडेट हवंच. मात्र आधीच झिजलेली चिप त्यानं बरी होत नाही. अशा चिपसाठी वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे, ती वापरा.

या सगळ्यात माणसाला न पेलणारी एकच अट आहे: एका वेळी एकच बदल. एकाच संध्याकाळी बायोस अपडेट, नवा ड्रायव्हर, रॅमची अदलाबदल आणि विंडोजची पुनर्स्थापना उरकणारे वीर असतात. क्रॅश थांबतो आणि कशानं थांबला हे त्यांना कधीच कळत नाही. मग तो परत येतो, आणि आता संशयितांची यादी आधीपेक्षा लांब असते.

भाग बदलून मागायची वेळ आली, तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो सोबत द्या. नाहीतर सर्व्हिस सेंटरकडून दहा मिनिटं चालवून "आमच्याकडे तर छान चाललं" असं उत्तर येतं. रॅमचा किट जोडीनंच पाठवायचा, एक स्टिक चांगली असली तरी. आणि मदरबोर्ड परत करायचा असेल, तर सॉकेटवरची ती काळी प्लास्टिकची टोपी लागते. ती नसली की पिना वाकल्याचं खापर आपल्यावर फुटतं. फेकली असं वाटत असलं, तरी एकदा मदरबोर्डच्या खोक्यात, सटाच्या केबलींच्या पिशवीखाली हात घालून बघा.