चार दिवस गोळी बंद, आणि चट्टे जिथल्या तिथे

मावशीला रक्तदाब आहे आणि सोरायसिसही (कातडीवर खपल्यांचे चट्टे उठतात तो रोग). तिचा फोन आला तेव्हा तिने रक्तदाबाची गोळी सोडून चार दिवस झाले होते. निमित्त एका फॉरवर्डचं. त्याचं म्हणणं असं: सोरायसिस म्हणजे रक्तातलं विष कातडीतून बाहेर पडणं. मलम लावून ते दाबलं की आत वळतं आणि बीपी चढतं. बीपीच्या गोळ्यांनी सोरायसिस आणखी फोफावतो, म्हणून 21 दिवस गोळ्या बंद, दोन्ही रोग पळतात. शिवाय सोरायसिसवाल्यांचं बीपी नुसतं ‘टेन्शनचं’ असतं, ते मोजत बसू नका.

तशीच उठून गेले आणि मोजलं. 172/104.

आधी गोळ्यांचंच घेते, कारण बाकीच्या थापांनी फार तर वेळ जातो, हिने जीव जाऊ शकतो. यात अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी (प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल वगैरे) काही जणांचा सोरायसिस उफाळतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. पण त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेणं. बीपीची औषधं काही एकाच गटातली नसतात. आणि बीटा ब्लॉकर हीच तर एकदम तोडायची गोळी नव्हे: ती अचानक थांबवली की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. म्हणजे ज्या एका गोळीबद्दल मेसेज थोडाफार खरा आहे, त्याच गोळीबाबत त्याचा सल्ला सगळ्यात घातक. मावशीची गोळी तर अॅम्लोडिपिन, त्या गटातली नाहीच. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक ठाऊक असेल अशी आशाही नाही.

उलट औषधांमुळे बीपी वाढतं ते दुसऱ्या बाजूने, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही. सोरायसिस जोरात असला की कधी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. ते रक्तदाब वाढवतं आणि मूत्रपिंडावर ताण आणतं, म्हणून ते चालू असताना बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चाललंय का हे सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहावं लागतं. सोरायसिसमुळे सांधे धरले की लोक मनानेच वेदनाशामक गोळ्या घेतात, त्यांनीही बीपी चढू शकतं. मोजायचं सोडा म्हणणाऱ्याने हे वाचावं.

‘टेन्शनचं बीपी’ म्हणे! 2015 साली ‘जामा डर्मटॉलॉजी’ या त्वचारोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. सोरायसिस आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेल्या सुमारे 1300 जणांची तुलना फक्त उच्च रक्तदाब असलेल्यांशी केली होती. वय, वजन, धूम्रपान यांचा हिशेब वजा केल्यावरही, सोरायसिस जितका पसरलेला तितकं बीपी आटोक्याबाहेर असण्याची शक्यता जास्त निघाली. शरीराचा दहा टक्क्यांहून जास्त भाग व्यापला असेल, तर जवळजवळ दीडपट. आटोक्याबाहेर म्हणजे 140/90 किंवा त्याच्या वर. यावरून एकाने दुसरा होतो असं सिद्ध होत नाही, पण अशा माणसाने बीपी मोजणं सोडावं की जास्त नेमाने मोजावं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

राहिलं विष. कातडीची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती चुकीचे हुकूम सोडते आणि तेच काम काही दिवसांत उरकतं, म्हणून थर साचतात, खपल्या निघतात. बाहेर पडतंय ते विष नव्हे, घाईने तयार झालेली कातडीच. मलमाने दबते ती सूज, आणि ती दबायलाच हवी. ती आत वळून बीपी चढवते हे शरीरशास्त्रात कुठे बसतं, ते मेसेजवाल्यानेच दाखवावं.

हा रोग स्पर्शाने पसरतो असंही शेवटी ठोकून दिलंय. पसरत नाही. पुढे.

एक मात्र बरोबर लिहिलंय: कातडी कोरडी पडू देऊ नका. मावशीने तेवढ्यासाठी तो मेसेज जपून ठेवलाय. चार दिवसांत तिच्या कोपरावरचा चट्टा तसूभरही हललेला नाही. गोळी त्याच रात्री तिच्या डॉक्टरांना फोन करून पुन्हा सुरू केली, आणि मशीन मी तिच्याकडेच ठेवून आलेय.